सून बसली की अडणारी गाडी

गाडीला कळतं का हो, आत कोण बसलंय ते? लोखंडाची गाडी. तिला ना डोळे, ना सासर, ना माहेर. पण आमच्या घरातली चांगली शहाणीसुरती माणसं सव्वा वर्ष असं धरून चालली होती की आमच्या गाडीला कळतं. बाई बसली की ती अडते. ऐंशीला टेकले मी आता, तरी ते आठवलं की माझी कानशिलं तापतात. म्हणून म्हटलं, लिहूनच टाकावं एकदा. माझी शाळा चौथीपर्यंतची. पुढचं सगळं वाचन किराण्याच्या पुड्यांच्या कागदावरचं. तेव्हा वाक्य वाकडंतिकडं गेलं तर सांभाळून घ्या.

आमची वस्ती कोल्हारपासून दोन मैल आत. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी, दसऱ्याच्या तोंडावर, मामंजींनी श्रीरामपूरच्या एका डॉक्टरांची जुनी काळी गाडी घेतली. मामंजी म्हणजे माझे सासरे. ऊस चांगला गेला होता आणि कारखान्यावर मीटिंगला जायचं तर आता छकड्यातनं जाणं बरं दिसत नाही, असं त्यांना वाटायला लागलं होतं. गाडीबरोबर ड्रायव्हरही आला. शेजारच्या गावातल्या ख्रिस्ती वाड्यातला, चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. दुपारी लिंबाखाली बसून भाकरी खाताना देवळातली म्हणजे त्यांच्या चर्चमधली गाणी हळू आवाजात म्हणायचा. गोड गळा होता.

गाडी अंगणात येऊन उभी राहिली तेव्हा आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आरतीचं ताट आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या, आणि अडल्या.

आता त्या का अडल्या ते सांगते. आमच्या घरची एक रीत होती. घरातली लेक किंवा सून गाव सोडून निघाली, की छकड्याला जुंपलेल्या बैलांच्या कपाळाला हळदकुंकू लावायचं आणि तांब्याभर पाणी त्यांच्या खुरांवर ओतायचं. आमच्या बाईला सुखरूप ने आणि सुखरूप आण, असं बैलाला सांगायचं. पुरुष निघाले तर काही नाही. ते काय, सकाळी जातात, संध्याकाळी येतात. पाणी बाईसाठी.

"बैलाचं कपाळ ठाव हाय मला," आत्याबाई म्हणाल्या. "हिचं कपाळ कुठं असतंय?"

मामंजींनी ऐटीत बोनेट उघडलं. "ह्ये बघ. बैल आत हाय."

आत्याबाईंनी आत वाकून पाहिलं. नळ्या, डबे, वायरी. मधेच एक काळी टोपी, आणि तिच्यातनं वर आलेल्या पाच जाड काळ्या वायरी. "अगं बया, ह्यो तर पाच फण्यांचा नाग!" त्यांनी हात जोडले. "व्हय रं बाबा, गाडीचा जीव यातच असंल का?"

ड्रायव्हर बिचारा सरळ मनानं म्हणाला, "व्हय मावशी, जीव त्यातच हाय."

झालं. त्या दिवसापासून घरातली बाई गाडीत बसायची झाली की बोनेट उघडायचं, नागाला हळदकुंकू लावायचं आणि वरनं तांब्या. मीसुद्धा शेजारी ताट धरून उभी राहायचे. मलाही ते बरोबरच वाटायचं, खोटं कशाला सांगू.

पहिली अडली ती माझ्या भाचीच्या लग्नाला निघालो तेव्हा. आम्ही बायका नटूनथटून मागं बसलो. ड्रायव्हरनं सेल्फ मारला. घर्र घर्र घर्र, आणि गाडी काही पेट घेईना. चार गड्यांनी धक्का मारून पार विहिरीपर्यंत नेली तरी ढिम्म. शेवटी छकडा जुंपला, आणि आम्ही पोचलो तेव्हा अक्षता पडून पंगती उठत होत्या. इकडं दुपारी मामंजींनी सहज चालू करून बघा म्हटलं, तर गाडी पहिल्या झटक्याला चालू.

मग नणंद सासरी निघाली, तेव्हा अडली. मी पुणतांब्याला, माझ्या माहेरी निघाले, तेव्हा अडली. मधनंच एखाद्या वेळी बाई बसूनही निमूट निघायची, तेवढंच. आणि मामंजी रोज कारखान्यावर जायचे, माझे मालक बाजाराला जायचे, तेव्हा काही नाही. मांजरासारखी गुरगुरत निघायची. पेट्रोलला नावं ठेवून झाली. राहुरीहून मेस्त्री आला, त्यानं प्लग बदलले, कार्बोरेटर खोलून धुतला, बॅटरी तपासली. दरवेळी तो येईपर्यंत दुपार व्हायची आणि दरवेळी त्याच्या हाताखाली गाडी मुकाट्यानं चालू व्हायची. तिसऱ्या खेपेला त्यानं हात पुसत, पान चघळत सांगितलं, "मालक, गाडीत काय न्हाई. बसनाऱ्यात असंल."

मामंजी हसले. माझे मालकही हसले. मी चहा घेऊन दारात उभी. तो चहा त्या मेस्त्रीच्या डोक्यावर ओतला नाही याचं मला आजही वाईट वाटतं. ज्याला दुखणं सापडत नाही तो दुखणेकऱ्यालाच नाव ठेवतो, आणि चहा पिऊन जातो!

तिथनं पुढं ते घरात रूढच झालं. बायकांना गाडी सोसत नाही. बायकांनी एसटीनं जावं. आम्ही जायचोही. काही मोठी गोष्ट नव्हती ती. मोठी गोष्ट झाली ती धाकटीला दिवस गेले तेव्हा.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. तिसगावच्या पलीकडची, दुष्काळी मुलखातली पोर. वीस-एकवीस वर्षांची असेल. मला अक्का म्हणायची. आदल्या वर्षी तिचं मूल आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. त्यानंतर ती घरात पावलं न वाजवता चालायची, एवढं सांगते म्हणजे कळेल. या वेळी सहावा सरला आणि तिचे पाय सुजले, डोकं दुखायला लागलं. नगरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी ब्लडप्रेशर वाढलंय म्हणून सांगितलं. "दर पंधरा दिवसांनी आणायचं म्हणजे आणायचं. आणि एसटीच्या गर्दीत, हिसक्यात आणू नका. घरी गाडी आहे ना तुमच्या?"

आहे ना. गाडी आहे.

त्या पहिल्या खेपेला गाडी सुरळीत निघाली होती. दुसऱ्या खेपेला अडली. आत्याबाईंनी तर पोटुशी पोर म्हणून एकाच्या जागी दोन तांबे ओतले होते. ते दिवस कसले, नदी कोरडी, पाटाला पाणी नाही, विहिरीच्या तळाशी वाटीनं खरडून हंडा भरायचा. तसल्या दिवसांत दोन तांबे! इतका जीव होता त्यांचा तिच्यावर. दोन तासांनी गाडी चालू झाली, पण मामंजी म्हणाले, "अडलेल्या गाडीनं पोटुशी बाई न्यायची न्हाई." चार दिवसांनी पुन्हा निघालो, पुन्हा अडली. मेस्त्रीला बोलावणं गेलं. तो येईपर्यंत दुपार, आणि गाडी चालू. या वेळी तो काही बोललाही नाही. नुसता धाकटीकडं बघून मान हलवून गेला.

त्या संध्याकाळी मामंजींनी ओट्यावर बसून निकाल दिला. "हिला माहेरी धाडा. सोमवारी हिचा भाऊ येईल न्यायाला. पहिलं गेलं, आता गाडीबी हिच्याच येळंला अडती. तिकडंच होऊ द्या काय व्हायचं ते."

तिकडं म्हणजे कुठं? दोन एसट्या बदलून, पुढं चार मैल चालत. दवाखाना नाही, पाणी टँकरनं येणारं. माझा दीर, तिचा नवरा, कारखान्याच्या ऑफिसात कारकून होता. तो खाली बघून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसला. माझे मालक बिडी ओढत. 

आणि धाकटी दाराआडनं, इतक्या हळू आवाजात, म्हणाली, "मामंजी, मी गाडीत बसतच न्हाई. लांब लिंबाखाली हुबी ऱ्हाते. गाडी चालू झाली की मग येऊन बसते. मग तर चालंल ना?"

 अहो, तिलासुद्धा ते पटलं होतं! आपल्या बसण्यानं गाडी अडते हे त्या पोरीनं मान्य करून टाकलं होतं!

त्या रागानंच मला विचार करायला लावलं. दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापताना मी एकेक फेरी आठवत गेले. कधी निघालो, कोण होतं, अडली का नाही. आणि एकदम हात थांबला. आषाढात आत्याबाईंचा भाऊ वारला होता. निरोप आला आणि आम्ही तिघीही, आत्याबाई, मी, धाकटी, तशाच गाडीत बसलो होतो. तीन बायका! आणि गाडी पहिल्या झटक्याला चालू. येतानाही चालू. मग तेव्हा गाडीला बायका कशा चालल्या?

तेव्हा काय वेगळं होतं? मयतीला निघताना कोणी हळदकुंकू लावत नाही. तांब्या नाही, ताट नाही, बोनेट उघडलंच नव्हतं.

मी तव्यावरची भाकरी करपवली त्या दिवशी. कारण लगेच दुसरं आठवलं. सकाळीच माझ्या हातून काडेपेटी मोरीत पडली होती, आणि पंधरा काड्या ओढल्या तरी एक पेटली नव्हती. तीच पेटी चुलीजवळ वाळत ठेवली होती. ओढून पाहिली. फर्रकन पेटली.

ड्रायव्हर लिंबाखाली भाकरी खात होता. मी सरळ जाऊन विचारलं, "भाऊ, गाडी पेटते म्हणजे काय होतं?"

"ठिनगी पडती वैनी. त्या काळ्या टोपीतनं वायरीत जाती, वायरीतनं आत."

"आणि टोपी ओली असली तर?"

तो घास तोंडात तसाच ठेवून माझ्याकडं बघायला लागला. मी तांब्या आणला होताच. मामंजी आणि बाकीचे गावात गेले होते. "उघडा बोनेट," म्हटलं. आधी त्यानं गाडी चालू करून दाखवली. एका झटक्यात झाली. बंद केली. मी आत्याबाई ओततात तसं, बरोबर नागावर, पाणी ओतलं. आता मारा सेल्फ. घर्र घर्र घर्र. मेली नुसती घरघरली. मग त्यानं टोपी काढली, मी माझ्या पदरानं आतबाहेर कोरडी केली, वायरी पुसल्या. टोपीला एका बाजूला केसाएवढी चीर होती, तिच्यातनं पाणी आत उतरत होतं. टोपी बसवली, सेल्फ मारला, आणि गाडी चालू! दुपारपर्यंत टोपी आपोआप वाळायची, म्हणून मेस्त्री आला की चालू.

पाऊस असता तर पहिल्याच पावसात हे कळलं असतं. पण आमच्या नशिबी त्या वर्षी आभाळही कोरडं.

मी आनंदानं हसायला लागले. ड्रायव्हर हसेना. खाली बघून म्हणाला, "मला वाटतच हुतं वैनी. मालक घाई करत नसले की मी गुपचूप फडक्यानं पुसून घ्यायचो. त्या दिशी गाडी चालू व्हायची."

म्हणजे गाडी मधनंच निमूट निघायची, ते असं होतं!

"आणि तुम्ही गप बसलात?" माझा आवाज चढला. "त्या पोरीला माहेरी धाडायला निघालेत, आणि तुम्ही फडकं खिशात घालून गप?"

"मी काय बोलनार? मावशींच्या हळदकुंकवानं गाडी अडती, असं मी बोलायचं? मी? म्हनले असते, याला आमचा देव खपत न्हाई. दुसऱ्या दिशी मी घरी बसलो असतो."

त्याच्यावर चिडायला निघालेली मी तिथंच थांबले, कारण त्याचं खरं होतं. असंच म्हटलं असतं आमच्या घरानं. पण राग जायचा तो जाईना. तिला बोलता येत नव्हतं, त्याला बोलता येत नव्हतं, आणि ज्यांना बोलता येत होतं ते बिड्या ओढत होते.

संध्याकाळी मालकांना सांगितलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मेस्त्रीला कळंना आन तुला कळलं? चुलीपुढं बस गप." बरं. बसले चुलीपुढं. चुलीपुढंच तर कळलं होतं.

राहिल्या आत्याबाई. त्यांना सांगणं सगळ्यात अवघड. घरात त्यांचा शब्द मामंजींच्या खालोखाल, आणि ज्या तांब्यात त्यांचा सगळा जीव, त्याच तांब्यानं घात केला, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? रविवारी सकाळी त्या तुळशीपाशी होत्या. मी काडेपेटी पुढं केली, एक ओली काडी आणि एक कोरडी. ओढून दाखवल्या. मग मयतीची आठवण दिली. मग गाडीचं सांगितलं.

त्यांनी माझ्या हातातली काडेपेटी घेऊन ओली काडी स्वतः ओढून पाहिली. मग म्हणाल्या, "म्हंजी मी अडवली व्हय गं तिला? दोनदा?"

"तुम्ही नाही आत्याबाई. टोपीला चीर आहे."

"चीर गाडीला हाय. वतलं कुनी?"

त्या उठल्या, पदर खोचला, धाकटीला हाक मारली. "ए पोरी, लुगडं बदल. डाक्टरनीकडं जायचंय." मला म्हणाल्या, "तूबी चल." रविवार असला तरी दवाखान्यात कोणी ना कोणी बघेल, असं त्यांनी आपल्या आपणच ठरवून टाकलं. ड्रायव्हर प्रार्थनेला गेला होता. त्याला गडी पाठवून बोलावून घेतलं.

मामंजी ओट्यावरनं ओरडले, "अगं, उद्या तिचा भाऊ येतोय! गाडी अडंल, सांगून ठेवतो!"

आत्याबाई तांब्या घेऊन गाडीपुढं उभ्या राहिल्या. गडी, ड्रायव्हर, माझे मालक, दीर, सगळे बघतायत. धाकटी सवयीनं लांब लिंबाखाली जाऊन उभी राहिलेली.

"आधी बस तू आत," आत्याबाई तिला म्हणाल्या. "सगळ्यात आधी तू."

ती बसली. अंग चोरून, दाराला चिकटून. आत्याबाईंनी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आतापत्तूर गाडी सुनंनं न्हाई अडवली. माझ्या तांब्यानं अडवली. जिवावर पानी वतत हुते मी तिच्या. ज्याला नाव ठिवायचं त्यानं मला ठिवा." आणि बोनेट न उघडता तांब्यातलं पाणी पुढच्या चाकावर, बैलाच्या खुरावर ओतावं तसं ओतलं. "हं. मार रं बाबा सेल्फ."

गाडी पहिल्या झटक्याला चालू झाली.

 दीर तेवढा धावत येऊन पुढं ड्रायव्हरशेजारी बसला. आत्याबाई आमच्या शेजारी, तांब्या मांडीवर. राहुरी येईपर्यंत त्यांनी धाकटीचा हात सोडला नाही.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि आम्हालाच झापलं. इतके दिवस कुठं होता? आता परत न्यायची नाही, इथंच ठेवायची. महिना-सव्वा महिना ती नगरलाच राहिली. मुलगी झाली, दिवसांआधी, मुठीएवढी, पण झाली आणि जगली. तिचा भाऊ ठरल्याप्रमाणं त्या सोमवारी न्यायला आला होता, तो आमच्याकडं जेवून परत गेला.

इथं संपलं असतं तर माझा राग एव्हाना निवला असता. पण ऐका. मेस्त्रीला बोलावून टोपी बदलून घेतली. त्यानंतर मामंजी येईल त्याला सांगायचे, "गाडी लई अडायची हो, पन मेस्त्री हुशार. बरोबर हुडकून काढलं त्यानं." मेस्त्रीही समोर बसून मान हलवायचा. आणि चहा कोणी करायचा? मी. एकदा मी तोंड उघडलं तर मालकांनी डोळे वटारले. धाकटीला कधी कोणी म्हणालं नाही, की पोरी, चुकलं आमचं. आत्याबाई सोडून एकानंही नाही. ड्रायव्हरकडं तर मी पण चुकलेच. त्याला आवाज चढवून बोलले, आणि त्याच्या जागी कोणीही गप बसलं असतं एवढंही पुढं कधी त्याला म्हटलं नाही.

ती काळी गाडी केव्हाच भंगारात गेली. धाकटी आता सत्तरीत आहे. गुडघे गेलेत तिचे. त्या मुठीएवढ्या मुलीनं मागच्या वर्षी नवी गाडी घेतली, बटण दाबलं की चालू होणारी, आवाजसुद्धा येत नाही. आम्हा दोघींना देवदर्शनाला न्यायला आली. मी आत जाऊन बसले. मुलगीही बसली. धाकटी मात्र दार उघडून, काठी टेकून, बाहेर उभी.

"अगं आई, बस ना. ऊन लागतंय."

"तू आधी चालू कर," ती म्हणाली. "चालू झाली की बसते."

मुलगी हसली. मला हसू आलं नाही. मी आतनं हात लांब करून तिचं मनगट धरलं आणि म्हटलं, "आधी बस तू. सगळ्यात आधी तू." तिनं माझ्याकडं बघितलं. मग हळूच, अंग चोरून, दाराला चिकटून बसली.